कोणाला सांगायचं? नव्या नगरसेवकांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांत जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेले सर्व नगरसेवक
तसेच नगरविकास खातं, मंत्रालय, मुंबई

विषय : आम्हाला विचारून कामं करण्याबाबत.

ताई-दादांनो, नमस्कार.

वॉर्ड ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, २०१४ पासून. ऑनलाइन फॉर्म भरून देते, अर्ज टाइप करून देते. दिवसाला दहा-पंधरा अर्ज होतात, पाणी नाही, ड्रेनेज तुंबलंय, टॅक्सच्या बिलावर नाव चुकलंय, कुत्र्यांचा त्रास, सगळे. "प्रति" आणि "विषय" हे दोन शब्द बोटांना इतके बसलेत की बघावं लागत नाही. पण ते सगळे दुसऱ्यांचे अर्ज. स्वतःच्या नावाचा हा पहिलाच, आणि तो वॉर्ड ऑफिसात द्यायच्या ऐवजी इथे सगळ्यांसमोर ठेवतेय कारण ऑफिसात दिलेल्या अर्जांचं काय होतं ते मी समोर बसून रोज बघते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचणाऱ्याला आपलंच शहर वाटेल, आणि ते चूकही नसेल.

निमित्त अगदी छोटं आहे. आमच्या चौकात पिंपळाखाली चार बाक होते, सिमेंटचे, पाठीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ असं रंगवलेले. सकाळी फिरून आलेली म्हातारी माणसं तिथे बसायची, दुपारी भाजीवाल्या मावश्या पाटी खाली ठेवून पाठ टेकायच्या, संध्याकाळी क्लासच्या मुली बसची वाट बघत बसायच्या. फेब्रुवारीत एक दिवस सकाळी जेसीबी आला आणि अकरा वाजेपर्यंत चारही बाक ट्रॉलीत. आठ-दहा दिवसांनी तिथे सेल्फी पॉइंट उभा राहिला. "आय लव्ह", मग लाल हार्ट, मग शहराचं नाव, रात्री लाइट लागतात. आणि त्याच्या भोवती स्टीलचं रेलिंग, म्हणजे कोणी टेकायलाही नको.

मी विचारायला गेले. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, अ, ब, क, ड, चौघांसाठी चार वेळा बटण दाबून आलेय मी पंधरा जानेवारीला. अ वाले म्हणाले तो भाग क च्या ताई बघतात. क च्या ताई भेटल्या नाहीत, त्यांचे मिस्टर भेटले, म्हणाले वर्क ऑर्डर नोव्हेंबरमधली आहे, प्रशासकाच्या काळातली, म्हणजे नगरसेवक नव्हते आणि सरकारी अधिकारीच कारभार बघत होता तेव्हाची, आता आमच्या हातात काही नाही. ब चं ऑफिस अजून उघडायचंय. ड वाले चांगलं बोलले, चहा पाजला, म्हणाले ताई बाकांचं एवढं काय मनाला लावून घेता, शहर सुंदर दिसतंय की.

एवढं काय, हेच सांगायला हे पत्र.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, आता अठ्ठ्याहत्तर वय. त्यांची एक शंभर पानी वही आहे. पट्टीने रेघा मारून चार रकाने केलेत. तारीख, तक्रार, कोणाला भेटलो, काय झालं. त्यांना सवयच होती, गल्लीत दिवा गेला की वही काखेत मारून सकाळी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचे. काम दर वेळी व्हायचं असं अजिबात नाही. वहीत "पुढच्या आठवड्यात या म्हणाले" असं किती वेळा लिहिलंय मोजवत नाही, एका ठिकाणी तर "आज वादावादी झाली" असंही आहे. पण तिसऱ्या रकान्यात कायम कोणाचं तरी नाव आहे. नगरसेवक, नाहीतर त्यांचा पोऱ्या, नाहीतर ज्युनिअर इंजिनिअर.

मार्च २०२२ मध्ये आमच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट या जानेवारीत, मधे नगरसेवकच नव्हते. त्यानंतरची पानं मी परवा नीट बघितली. तिसऱ्या रकान्यात आडवी रेघ. पानंच्या पानं आडवी रेघ. चौथ्या रकान्यात अ‍ॅपचा टोकन नंबर, आणि खाली "निकाली काढली असा मेसेज आला. काम नाही." एकदा ते तुंबलेल्या चेंबरच्या शेजारी उभे राहून मला फोन दाखवत होते, पायाशी घाण वाहतेय आणि स्क्रीनवर मेसेज, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया अभिप्राय द्या. वहीतली शेवटची नोंद सप्टेंबर २०२४ ची आहे. नंतर वही कपाटावर. मी विचारलं तर म्हणाले, कोणाला सांगायचं, जाऊ दे.

हे "जाऊ दे" मी दुकानात पण रोज ऐकते. आधी लोक तावातावाने यायचे, ताई कडक लिहा, असं लिहा की साहेबांना झोप नाही आली पाहिजे. आता अर्ज टाइप करून हातात दिला की विचारतात, देऊ का खरंच, उपयोग आहे का? काही जण दहा रुपये देतात, अर्ज घडी करून खिशात ठेवतात आणि ऑफिसकडे न जाता घराकडे वळतात. त्यांना पाणी नाही म्हणून त्रास आहेच, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाण्याचं नाही, आपण या शहरात कोणाच्या हिशोबातच नाही याचं आहे.

आता तुम्ही म्हणाल सुख-दुःख ज्याचं त्याचं, घरचं, नशिबाचं, त्यात महापालिका कुठे आली. मलाही आधी तसंच वाटायचं. दर वर्षी मार्चमध्ये पेपरात ती बातमी येते ना, आनंदी देशांची यादी, फिनलंड पहिला आणि आपण खाली. २०२५ च्या यादीत फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आणि भारत १४७ देशांत ११८ वा. माझ्या मुलीला त्याच्यावर प्रोजेक्ट होता म्हणून मी तिच्यासोबत बसून वाचलं. ते लोकांना विचारतात काय, तर समजा समोर एक शिडी आहे, तळाला शून्य आणि वर दहा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमचं चांगल्यात चांगलं आयुष्य, तर आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात. बस. मग हे आकडे असे का आले ते समजून घ्यायला सहा गोष्टी बघतात. पैसा आणि तब्येत तर आहेच, पण अडचणीत कोणी धावून येईल का, स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घ्यायला मोकळीक आहे का, माणसं दुसऱ्याला मदत करतात का, आणि सरकारात भ्रष्टाचार पसरलाय असं वाटतं का, हेही त्यात आहे. २०२५ च्या रिपोर्टात तर पाकिटाचा प्रश्न आहे, तुमचं पाकीट हरवलं आणि शेजाऱ्याला, अनोळखी माणसाला किंवा पोलिसाला सापडलं तर परत मिळेल का. मिळेल असं ज्यांना वाटतं ती माणसं जास्त समाधानी. पाकीट खरंच हरवायची पण गरज नाही, नुसता भरवसा पाहिजे.

आणि एक गोष्ट वाचून तर मी थांबलेच. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक अभ्यास छापला. तिथे २६ कॅन्टन आहेत, म्हणजे आपल्या राज्यांसारखे भाग, आणि काही ठिकाणी लोकांना कायद्यावर, खर्चावर थेट मत द्यायचा हक्क जास्त, काही ठिकाणी कमी. सहा हजार लोकांच्या उत्तरांवरून त्यांना दिसलं की जिथे हा हक्क जास्त तिथे माणसं आयुष्याबद्दल जास्त समाधानी. कोणी म्हणेल तिथे कारभार चांगला होत असेल म्हणून. पण त्यांनी तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांचंही बघितलं. त्यांना रस्ते तेच, नळ तेच, शाळा त्याच, फक्त मताचा हक्क नाही. तर त्यांच्या समाधानात तेवढी वाढ दिसत नाही. म्हणजे रस्ता चांगला मिळाला एवढ्यावर भागत नाही, तो कसा व्हावा यात माझं मत विचारलं गेलं का याचंही एक वेगळं समाधान असतं. हे वाचलं आणि मला अण्णांचा तो तिसरा रकाना आठवला. ते परदेशी लोक म्हणजे २०२२ नंतरचे आम्ही. टॅक्स भरतोय, राहतोय, विचारायला जागा नाही.

म्हणून माझी तक्रार बाकांपासून सुरू होते पण बाकांवर संपत नाही.

पहिली तक्रार नगरविकास खात्याकडे. घटनेच्या २४३-यू कलमात स्पष्ट आहे की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. इथे काय झालं? मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ ला संपली. छत्रपती संभाजीनगरची त्याच्याही आधी, एप्रिल २०२० ला. इचलकरंजी आणि जालन्याला तर महापालिका झाल्यापासून पहिल्यांदाच नगरसेवक मिळाले. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता हे मान्य, तो महत्त्वाचा होता हेही मान्य, पण प्रभाग रचना बदला, परत बदला, संख्या वाढवा, परत कमी करा, हे कोर्टाने सांगितलं नव्हतं. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं चार महिन्यांत घ्या, ते पण झालं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत दिली तेव्हा कुठे मशीन बाहेर निघाली. आमच्या गल्लीत चोवीस वर्षांची मुलं आहेत ज्यांनी महापालिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा आता मत दिलं.

दुसरी तक्रार त्या "तथा" शब्दाची. चार वर्षं मी अर्जाच्या डोक्यावर एकच ओळ टाइप केली, "मा. आयुक्त तथा प्रशासक". त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. आयुक्त म्हणून जो प्रस्ताव ठेवायचा, प्रशासक म्हणून त्यानेच मंजूर करायचा. आधी तोच प्रस्ताव स्थायी समितीत जायचा, सर्वसाधारण सभेत जायचा, तिथे आरडाओरडा व्हायचा, सभात्याग व्हायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं आणि त्या भांडणातूनच आम्हाला कळायचं की आमच्या चौकात काय होणारे. मुंबईचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं, सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नसताना मंजूर झालं. अधिकारी सगळे वाईट होते असं मी म्हणत नाही, आमच्याकडे एक बाई होत्या उपायुक्त, रात्री साडेदहाला फुटलेल्या पाइपलाइनवर स्वतः उभ्या होत्या, मी बघितलंय. पण त्यांची बदली झाली तेव्हा त्यांना थांबवायचा आम्हाला हक्क नव्हता आणि नंतर आलेल्यांना जाब विचारायचाही नव्हता. आणि आधीचे नगरसेवक देवमाणसं होते असंही नाही, टक्केवारीच्या गोष्टी आम्हालाही माहितीयेत. तरी पाच वर्षांनी त्यांना आमच्या दारात यावं लागायचं.

तिसरी, पाणी. आमच्याकडे दिवसाआड येतं, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, चाळीस मिनिटं. सासूबाई सव्वातीनपासून जाग्या असतात कारण व्हॉल्व्ह सोडणारा कधी लवकर येतो. हंडे, ड्रम, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवतात. मला त्यांच्या डोळ्यांखाली जे दिसतं ते औषधाने जाणारं नाही. संभाजीनगरच्या लोकांना तर कित्येक दिवस थांबावं लागलं एका पाण्यासाठी आणि तिथली १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेली. हंडा मोर्चे निघाले. पण मोर्चा ज्याच्यावर काढायचा तो तुमचा प्रतिनिधीच नसेल तर तो मोर्चा जातो कुठे?

चौथी तक्रार तुमच्याबद्दल आहे, राग मानू नका. चार सदस्यांचा प्रभाग ही पद्धत तुम्ही केली नाही, पण तिचा फायदा तुम्ही घ्यायला लागलात. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, आमच्याकडे चार, आणि चार म्हणजे कोणीच नाही असं व्हायला दोन महिने पण नाही लागले. "तो भाग माझा नाही" हे वाक्य मी या वर्षात इतक्यांदा ऐकलं. मतं मागताना सगळा प्रभाग तुमचा होता. आणि ताई निवडून आल्या असतील तर ताईंना भेटू द्या, मिस्टरांना आम्ही मत दिलेलं नाही.

पाचवी, अ‍ॅप. तक्रार कोणी बंद करायची, काम करणाऱ्याने की तक्रार करणाऱ्याने? एवढंच विचारते.

आता मागण्या. फार नाहीत, आणि बहुतेक कायद्यात आधीपासून आहेत, मी काही नवीन मागत नाहीये.

७४ व्या घटनादुरुस्तीत तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी वॉर्ड समित्या आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभा आली, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. माझं माहेर खेडेगाव आहे. तिथे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते, कधी कोरम नसतो, कधी दारूवाला गोंधळ घालतो, तरी माझी चुलती उभी राहून सरपंचाला विचारते की अंगणवाडीचा पत्रा का गळतो आणि त्याला तिथे सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. तीच चुलती माझ्याकडे आली की म्हणते, एवढं मोठं शहर आणि तुम्हाला बोलायला जागा नाही होय गं? गडचिरोलीत मेंढा-लेखा नावाचं गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. त्यांनी ग्रामसभेत बसून बसून एकमताने निर्णय घेत आपल्या जंगलावरचा हक्क २००९ मध्ये मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकायला लागले. जंगलातल्या एका छोट्या आदिवासी गावाला जे जमलं त्याच्या पासंगाला तरी आमच्या प्रभागाला काही मिळू दे. म्हणून पहिली मागणी ही की प्रत्येक प्रभागात दर तीन महिन्यांनी क्षेत्रसभा घ्या, चारही नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिसर समोर बसलेले पाहिजेत, आणि नगरविकास खात्याने ती घेणं सक्तीचं करावं, न घेतल्यास काय कारवाई तेही लिहावं.

दुसरी मागणी, चारही नगरसेवकांनी प्रभाग आपसात वाटून घेतला असेल तर तसा बोर्ड लावा, गल्लीनिहाय, फोन नंबरसकट. आम्हाला अ ब क ड पाठ करायला लावू नका.

तिसरी, बजेट. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेतात, आपल्या भागात बस स्टॉपला शेड पाहिजे, फुटपाथ पाहिजे, बाक पाहिजेत. छोटी कामं, पाच लाखांच्या आतली. हे सगळ्या २९ शहरांत सुरू करा आणि सुचवलेल्यातलं काय घेतलं, काय नाही, का नाही, ते वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा. वेबसाइटवर टाकलं म्हणून सांगू नका, वेबसाइट उघडून द्यायला लोक माझ्याच दुकानात येतात आणि ती अर्धा वेळ उघडत नाही.

चौथी, तक्रार करणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय अ‍ॅपवरची तक्रार बंद होऊ नये. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, दाखल्यांना मुदत आहे, तशीच चेंबर आणि दिव्यांना मुदत लावा आणि उशीर झाला तर नाव घेऊन सांगा कोणामुळे झाला.

पाचवी खात्याला. परत कधीही, कोणत्याही कारणाने सहा महिन्यांच्या वर प्रशासक राहता कामा नये. सरकार तुमचं असो की त्यांचं असो. गेल्या चार वर्षांत दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली आणि दोघांनाही आमच्याशिवाय चाललं, हे आम्ही विसरलेलो नाही.

आणि बाक परत द्या. सेल्फी पॉइंट राहू दे हवा तर, मुलं फोटो काढतात, त्यांनाही आनंद आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रेलिंग काढा आणि चार बाक पिंपळाखाली ठेवा. गेल्या आठवड्यात एक भाजीवाल्या मावशी रेलिंगला टेकायला गेल्या, ते गोल पाइपचं आहे, टेकवत नाही, मग खाली फुटपाथच्या कडेला बसल्या, गाड्यांच्या धुरात, पाटी मांडीवर घेऊन. अण्णा आता सकाळी फिरायला जात नाहीत. मध्ये बसायला जागा नाही आणि एका दमात चौकापर्यंत जाऊन परत येणं त्यांना जमत नाही. खिडकीत बसतात. शिडीवर कितव्या पायरीवर आहात असं त्यांना मी विचारलं नाही, विचारवलं नाही.

परवा मात्र मी ती वही कपाटावरून काढली, धूळ पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं अण्णा, आता चार जण आहेत, नवीन पान काढा. त्यांनी चष्मा लावला, पट्टी मागितली आणि रेघा मारल्या. तारीख टाकली, तक्रार लिहिली, "चौकातले ४ बाक". तिसरा रकाना मोकळा ठेवलाय.

आमच्या प्रभागातल्या चौघांना विनंती, पहिली क्षेत्रसभा पिंपळाखालीच घ्या, एखाद्या रविवारी सकाळी दहाला. मंडपवाल्याकडून खुर्च्या मी आणते, माइक शेजारच्या मंडळाकडे आहे. तारीख तेवढी आठवडाभर आधी कळवा, म्हणजे गल्लीगल्लीत चिठ्ठ्या वाटता येतील. झेरॉक्स माझ्याकडून.

आपली,
प्रभागातली एक मतदार, वॉर्ड ऑफिससमोरची झेरॉक्सवाली